चार घरांचा चौकोन : अर्थ व अनर्थ

(केंद्र-संमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



एखाद्या खेड्यातील शाळेच्या पायरीशी एक पालक येतो. त्याच्या हातात सरकारी दवाखान्यातील रक्ततपासणीचे कागद असतात. पतिपत्नी दोघेही सिकलसेलचे वाहक आहेत आणि त्यांच्या पहिल्या मुलाला तो आजार आहे, असे त्या कागदांवरून दिसते. अशा जोडप्याच्या अपत्यांत चारांत एक या प्रमाणात आजार संभवतो, असे दवाखान्यात सांगण्यात आलेले असते. पालक विचारतो, "गुरुजी, चारांतला एक तर झाला. आता पुढची तिन्ही पोरं चांगली निपजतील ना?"

या प्रश्नाला शिक्षकाने काय उत्तर द्यावे? 'होय' म्हटल्यास पालकाचे क्षणभर समाधान होईल, परंतु ते उत्तर चुकीचे आहे. नुसते 'नाही' म्हटल्यास त्याचे कारण त्याला कळणार नाही आणि तो दुसऱ्या कोणाला तरी विचारावयास जाईल. योग्य उत्तर देण्यास अनुवंशशास्त्रातील एका साध्या आकृतीचे ज्ञान पुरेसे आहे. तिला पनेटचा चौकोन म्हणतात. माध्यमिक शाळेच्या विज्ञानात तो शिकविला जातो व अनेक शिक्षकांनी विद्यार्थिदशेत तो वहीत काढलेलाही असेल. परंतु चौकोन काढता येणे निराळे आणि त्याचा अर्थ उमगणे निराळे. प्रस्तुत भाषणाचा विषय हा अर्थ आहे.

मेंडेल यांचे वाटाणे

ऑस्ट्रियन साम्राज्यातील ब्रून या शहरी ग्रेगोर मेंडेल (१८२२–१८८४) नावाचे ख्रिस्ती मठवासी राहत असत. हे शहर आज चेक प्रजासत्ताकात असून ब्रनो या नावाने ओळखले जाते. मेंडेल हे शेतकऱ्याचे पुत्र. ते शाळेत विज्ञान शिकवीत, पण शिक्षकाच्या पात्रता-परीक्षेत त्यांना यश लाभले नाही. मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात त्यांनी वाटाण्यावर प्रयोग केले. गोल बियांचे शुद्ध वाण आणि सुरकुतलेल्या बियांचे शुद्ध वाण यांचा त्यांनी संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीतील सर्व बिया गोल निघाल्या. सुरकुतलेपणा जणू नाहीसा झाला. या बिया पेरून आलेल्या झाडांचे त्यांनी स्वपरागण होऊ दिले. तेव्हा २५३ झाडांपासून ७,३२४ बिया मिळाल्या. त्यांत ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेल्या होत्या. नाहीसा झालेला गुण पुढील पिढीत पुन्हा प्रकट झाला आणि तोही सुमारे तीनास एक या प्रमाणात.

यावरून मेंडेल यांनी अनुमान काढले ते असे : प्रत्येक गुणासाठी झाडाजवळ दोन घटक असतात. एक मातेकडून व एक पित्याकडून आलेला असतो. पुढील पिढीस देताना झाड या दोहोंपैकी एकच घटक देते. दोन भिन्न घटक एकत्र आल्यास एकाचा प्रभाव दिसतो व दुसरा झाकला जातो, पण तो नष्ट होत नाही. या घटकांना आज जनुके म्हणतात. दिसणाऱ्या जनुकास प्रभावी व झाकल्या जाणाऱ्या जनुकास अप्रभावी अशी संज्ञा आहे.

हे संशोधन मेंडेल यांनी १८६५ साली वाचून दाखविले व १८६६ साली ते छापून प्रसिद्ध झाले. विद्वानांचे लक्ष त्याकडे वळण्यास मात्र १९०० साल उजाडावे लागले. चौकोनाची आकृती मेंडेल यांची नव्हे. केंब्रिजचे अनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट (१८७५–१९६७) यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती प्रचारात आणली.

चौकोन कसा मांडावा

इंग्रजी पुस्तकांत प्रभावी जनुकास मोठे अक्षर व अप्रभावी जनुकास तेच लहान अक्षर वापरतात. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नसल्यामुळे गुणाच्या नावातील पहिले अक्षर घ्यावे. गोल बीसाठी 'गो' आणि सुरकुतलेल्या बीसाठी 'सु' हे पुरे. पहिल्या पिढीतील प्रत्येक झाडाजवळ एक 'गो' व एक 'सु' आहे. पित्याकडून येऊ शकणारी दोन जनुके चौकोनाच्या वरच्या बाजूस लिहावीत, मातेकडून येऊ शकणारी दोन जनुके डाव्या बाजूस लिहावीत आणि प्रत्येक घरात वरचे व डावीकडचे अक्षर एकत्र मांडावे.

            गो          सु
गो      गोगो      गोसु
सु      गोसु      सुसु

चार घरांपैकी तीन घरांत 'गो' आहे; तेथे बी गोल. एका घरात दोन्ही 'सु' आहेत. तेथे बी सुरकुतलेली. मेंडेल यांच्या मोजणीतील तीनास एक हे प्रमाण येथून आले. गोल बियांच्या तीन घरांपैकी दोन घरांत 'सु' झाकलेला आहे, हेही विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावे. जे डोळ्यांना दिसत नाही तेही पुढील पिढीस दिले जाते, हा या पाठातील पहिला बोध होय.

चौकोन काय सांगत नाही

येथपर्यंतचा भाग बहुतेक पुस्तकांत असतो. खरी अडचण येथून पुढे आहे. आकृतीत घरे चार असल्यामुळे पाहणाऱ्याच्या मनात सहज येते की, ही चार घरे म्हणजे चार अपत्ये. तसे नाही. चार घरे म्हणजे एकाच अपत्याच्या बाबतीत संभवणारे चार प्रकार होत. दुसऱ्या अपत्याच्या वेळी तोच चौकोन पुन्हा आरंभापासून मांडावा लागतो.

मेंडेल यांनी हे स्वतः पाहिले होते व आपल्या निबंधात नमूदही केले होते. सर्व झाडांच्या बियांची एकूण बेरीज तीनास एक होती. पण एकेक झाड वेगळे मोजले असता एका झाडावर ४३ गोल व अवघ्या २ सुरकुतलेल्या बिया निघाल्या, तर दुसऱ्या एका झाडावर १४ गोल व १५ सुरकुतलेल्या निघाल्या. दोन्ही झाडांचा चौकोन एकच होता. झाड म्हणजे एक घर व बिया म्हणजे त्या घरातील मुले असे मानले, तर पालकाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या आकड्यांत आहे. घराघरांत फरक पडतो. प्रमाण दिसते ते अनेक घरांच्या बेरजेत.

सिकलसेलचा चौकोन

मानवी रक्तातील लाल पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. ते प्राणवायू वाहून नेते. त्याच्या जनुकाचा नेहमीचा प्रकार 'ए' व सिकलसेलचा प्रकार 'एस' या अक्षराने दाखवितात. ज्याच्याजवळ 'एए' अशी जोडी आहे, त्याचा या आजाराशी संबंध नाही. 'एएस' जोडीची व्यक्ती वाहक होय. ती सामान्यतः निरोगी असते व शेतीभातीची सर्व कामे करते. 'एसएस' जोडीच्या व्यक्तीस आजार होतो. प्राणवायू कमी पडला की तिच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. त्यामुळे पंडुरोग जडतो, हाडे व सांधे यांत असह्य वेदना उठतात आणि रोगजंतूंचा उपद्रव वारंवार होतो.

विळ्याच्या आकाराच्या या पेशींचे वर्णन शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. हा आजार मेंडेल यांच्या नियमाप्रमाणे पुढील पिढीत उतरतो व त्याचे मूळ हिमोग्लोबिनमधील फरकात आहे, या दोन्ही गोष्टी १९४९ साली सिद्ध झाल्या. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, अमरावती, नंदुरबार इत्यादी जिल्ह्यांत या जनुकाचे वाहक आढळतात. वाहकास हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून काही संरक्षण मिळते. यास्तव जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचे ठाण होते, अशा प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले. ते कोणाच्या पापाचे फळ नव्हे, की कोणत्या जातीजमातीचा कलंक नव्हे. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी करणे व २०४७ पर्यंत हा प्रश्न सार्वजनिक आरोग्यातून दूर करणे, अशी उद्दिष्टे त्यात ठरविण्यात आली. त्यामुळे तपासणीचे कागद दूरदूरच्या पाड्यांवर पोहोचतात. कागद पोहोचला, तरी त्याचा अर्थ पोहोचतोच असे नाही.

मातापिता दोघेही 'एएस' असतील, तर चौकोनाच्या एका घरात 'एए', दोन घरांत 'एएस' व एका घरात 'एसएस' येते. म्हणजे प्रत्येक अपत्याच्या वेळी आजाराचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा संभव चारांत दोन व पूर्ण मोकळे असण्याचा संभव चारांत एक.

आता अशा जोडप्यांची २५६ घरे कल्पावीत व प्रत्येक घरी चार अपत्ये आहेत असे समजावे. गणिताने त्यांची अपेक्षित वाटणी पुढीलप्रमाणे येते. ८१ घरांत एकही मूल आजारी नसेल. १०८ घरांत एक, ५४ घरांत दोन व १२ घरांत तीन मुले आजारी असतील. एका घरात तर चारही मुले आजारी असतील. या सर्व आजारी मुलांची बेरीज २५६ होते आणि एकूण मुले १,०२४ असल्यामुळे ती बरोबर चौथा हिस्सा भरते. प्रमाण कोठेही मोडले नाही. तरीही 'चारांत नेमके एक' असे घडलेली घरे निम्म्याहूनही कमी आहेत. सातवीच्या विद्यार्थ्यांकडून ही बेरीज फळ्यावर करून घेता येईल. अंकगणिताचा एवढा उपयुक्त नमुना सहसा मिळत नाही.

चिंचोक्यांचा पाठ

जे फळ्यावर पटत नाही ते हाताने केल्यावर पटते. दोन लहान कापडी पिशव्या घ्याव्यात. एकीस 'आई' व दुसरीस 'बाप' म्हणावे. प्रत्येकीत सारख्या आकाराचे दोन चिंचोके घालावेत. त्यांपैकी एक कोरा असावा व दुसऱ्यावर चुन्याचा पातळ, बोटांना न जाणवणारा ठिपका असावा. कोरा म्हणजे 'ए' व ठिपक्याचा म्हणजे 'एस'. विद्यार्थ्याने न पाहता प्रत्येक पिशवीतून एकेक चिंचोका काढावा, जोडी वहीत टिपावी, चिंचोके ज्या त्या पिशवीत परत टाकावेत व पिशव्या हलवून पुन्हा काढावेत. एका गटाने हे चाळीस वेळा करावे. अष्टाचंग्याच्या खेळाप्रमाणे फोडलेले चिंचोके फेकून हा प्रयोग करू नये. त्यांची एक बाजू सपाट व दुसरी फुगीर असल्यामुळे दोन्ही बाजू सारख्या पडतीलच असे नाही.

दोन्ही ठिपक्यांची जोडी चाळिसांत दहा वेळा यावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात एखाद्या गटास ती सात वेळा मिळेल, तर एखाद्यास तेरा वेळा. अशा वेळी काही विद्यार्थी शेजाऱ्याच्या वहीत पाहून दहा हा आकडा लिहितील. शिक्षकाने ते होऊ देऊ नये. तेरा आले असल्यास तेराच लिहावेत. मग दहा गटांचे आकडे फळ्यावर मांडून बेरीज करावी. चारशेंत ती शंभराच्या जवळपास येते, हे वर्गाने स्वतः पाहावे.

हा पाठ चालू असता एखादा विद्यार्थी काढलेले चिंचोके परत टाकण्यास हमखास विसरतो. तेथे शिक्षकाने सर्व वर्गास थांबवावे, कारण पाठाचे मर्म त्या विसरण्यात आहे. चिंचोके परत टाकले नाहीत, तर पिशवीत काय उरले हे आधीच कळते आणि पुढची जोडी ठरूनच जाते. शाळेच्या पायरीशी आलेल्या पालकाची चूक नेमकी ही आहे. दैवाच्या पिशवीत चार चिठ्ठ्या होत्या, त्यांतील वाईट चिठ्ठी निघून गेली आणि आता तीन चांगल्या उरल्या, अशी त्याची समजूत झालेली असते. परंतु पहिल्या मुलाच्या जन्मानंतर मातापित्यांच्या शरीरातील जनुके कमी होत नाहीत. दोघांच्याही पिशवीत पूर्वीइतकेच दोन चिंचोके असतात. दुसऱ्या वेळी संभव पुन्हा चारांत एक आणि तिसऱ्या वेळीही चारांत एक.

चौकोनाने टळणारे अन्याय

हे ध्यानी आले म्हणजे इतर काही गोष्टींचाही उलगडा होतो. एक जण वाहक व दुसरा 'एए' असेल, तर चौकोनात 'एसएस' हे घर येतच नाही. निम्मी घरे वाहकांची व निम्मी मोकळी येतात. म्हणून वाहक मुलीचे किंवा मुलाचे लग्न होऊ नये, हे म्हणणे निराधार आहे. लग्नापूर्वी दोघांची तपासणी झालेली असावी व दोघांनी तिचा अर्थ जाणलेला असावा, एवढेच हवे. त्याचप्रमाणे 'एसएस' मूल जन्मले असता सासरच्यांनी सुनेकडे बोट दाखविणे अन्यायाचे आहे. त्या घरातील एक 'एस' मातेकडून, तर दुसरा पित्याकडून आलेला असतो. एकाच पिशवीतून दोन्ही ठिपके येत नाहीत.

मुलगा की मुलगी, हा प्रश्नही अशाच चौकोनाने सुटतो. स्त्रीजवळ दोन एक्स गुणसूत्रे असतात. पुरुषाजवळ एक एक्स व एक वाय असते. मातेकडून नेहमी एक्सच येते. पित्याकडून एक्स आल्यास मुलगी व वाय आल्यास मुलगा होतो. चौकोनात दोन घरे मुलींची व दोन घरे मुलांची येतात. मुली झाल्या म्हणून पत्नीस दूषण देणाऱ्यास या आकृतीत कोठेही आधार सापडत नाही. पिताही आपल्या इच्छेने एक्स किंवा वाय निवडीत नसल्यामुळे दोष कोणाचाच नसतो. तीन मुलींनंतर आता मुलाचीच पाळी आहे, हा हिशेबही न परत टाकलेल्या चिंचोक्यांचाच होय.

शिक्षकाने पाळावयाची पथ्ये

या आकृतीचा उपयोग करताना काही मर्यादा सांभाळणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट अशी की, एका जोडीतील जनुकांवर स्पष्टपणे अवलंबून असलेल्या गुणांसच हा साधा चौकोन लागू पडतो. उंची, वर्ण, बुद्धी यांवर अनेक जनुकांचा व त्याबरोबर आहार, आजारपण, संगोपन आणि शिक्षण यांचा परिणाम होतो. अभ्यासात मागे पडणारे मूल आईबापांवर गेले, असे म्हणून शिक्षकाने आपली जबाबदारी झटकू नये. चौकोनात तसे लिहिलेले नाही.

दुसरी गोष्ट, जीभ वळविता येणे व कानाची पाळी चिकटलेली असणे ही उदाहरणे पुष्कळ ठिकाणी दिली जातात, ती टाळावीत. जीभ वळविणे हा साधा प्रभावी गुण असल्याचे १९४० साली सुचविण्यात आले होते. परंतु १९५२ साली एकसारख्या जुळ्यांतही एकास जीभ वळविता येते व दुसऱ्यास येत नाही, असे आढळले. अशा कच्च्या उदाहरणावरून वर्गातील मुलांना आपापल्या आईबापांचे चौकोन काढावयास सांगितले आणि ते जुळले नाहीत, तर एखादे मूल नको ती शंका घेऊन घरी जाईल. म्हणून वर्गात वाटाणे व चिंचोके यांवरच भागवावे. विद्यार्थ्याच्या घरातील माणसे फळ्यावर आणू नयेत.

तिसरी गोष्ट, कोणाचा तपासणी-अहवाल कसा आहे, हे शिक्षकाने वर्गात, शिक्षकवृंदात किंवा चावडीवर बोलू नये. शिवाय 'एस' बरोबर थॅलेसेमियाचे जनुक आल्यासही आजार होऊ शकतो. त्यामुळे अहवालाचा अंतिम अर्थ लावणे हे डॉक्टरांचे काम आहे. शिक्षकाचे काम पालकास समजावून सांगण्याचे व त्यास योग्य दारी पाठविण्याचे.

चौथी गोष्ट आजारी विद्यार्थ्यासंबंधी आहे. त्याला वारंवार पाणी पिण्याची व लघवीस जाण्याची मोकळीक असावी. थंडीत, पावसात किंवा उन्हात त्याला उभे करू नये व अंगमेहनतीची शिक्षा देऊ नये. सांधे दुखतात म्हणून तो शाळेत आला नाही, तर त्याला कामचुकार समजू नये. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा वेदना असह्य होणे ही लक्षणे दिसताच त्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात पोहोचवावे. या आजारावर औषधोपचार उपलब्ध आहेत. ते नियमित घेणारी मुले शिकतात, मोठी होतात व आपल्या पायांवर उभी राहतात.

पालकास द्यावयाचे उत्तर

शेवटी शाळेच्या पायरीशी उभ्या असलेल्या पालकाकडे वळले पाहिजे. शिक्षकाने त्यास आत बोलवावे, बसवावे व दोन पिशव्या त्याच्या हाती द्याव्यात. त्याच्या हातून दहा-वीस वेळा चिंचोके काढवून घ्यावेत व परत टाकवून घ्यावेत. मग त्यास शांतपणे सांगावे की, पुढील प्रत्येक अपत्याच्या वेळी आजाराचा संभव पूर्वीइतकाच, चारांत एक असा आहे. आजार नसण्याचा संभव चारांत तीन आहे. आणि जे झाले त्यात त्याचा किंवा त्याच्या पत्नीचा अपराध नाही. पुढील अपत्याचा विचार करण्यापूर्वी उभयतांनी डॉक्टरांची भेट घ्यावी, गरोदरपणाच्या आरंभी कोणत्या तपासण्या होऊ शकतात ते विचारावे आणि घरातील इतर भावंडांची तपासणी करून घ्यावी, हेही त्यास सांगावे.

हे उत्तर त्याला हवे होते तसे नाही. परंतु खोट्या दिलाशावर विसंबून तो घरी गेला असता, तर त्याची किंमत दुसऱ्या एखाद्या मुलाला मोजावी लागण्याचा संभव होता. आणि निघण्यापूर्वी, त्याचा पहिला मुलगा उद्यापासून नियमित शाळेत येईल ना, एवढे शिक्षकाने अवश्य विचारून घ्यावे.